शी-शूची सवय लावताना या चुका टाळा

"अजून सांगत नाही का गं?" मूल दीड वर्षाचं झालं की हा प्रश्न सुरू होतो. सासूबाई विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, प्लेग्रुपच्या प्रवेशावेळी बाई विचारतात. मग एका रविवारी घाईघाईत डायपर बंद होतो, ऑनलाइन मागवलेली बदकाच्या तोंडाची पॉटी येते आणि दिवसभर फरशी पुसण्याचा कार्यक्रम चालतो. मंगळवारपर्यंत सगळे रडकुंडीला येतात.

शूचं गाडं बहुतेक घरी आज ना उद्या रुळावर येतं. खरं घोडं अडतं ते शीपाशी, आणि तिकडेच आपलं लक्ष नसतं. म्हणून पुढे शीबद्दलच जास्त लिहिलं आहे. जेवता जेवता वाचत असाल तर नंतर वाचा.

वय बघून सुरुवात करणं

"आमच्या वेळी मुलं वर्षाच्या आत सांगायची," असं आजी म्हणते ते अगदीच खोटं नाही. ती पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर बसवून "शूऽऽ" करायची, आणि बाळाच्या वेळा तिला पाठ असायच्या. लंगोट ओला झाला की बाळालाही लगेच कळायचं. घरात असं लक्ष ठेवणारं कुणी असेल तर जरूर बसवू द्या, त्यात नुकसान काही नाही. पण तिथे वेळ ओळखण्याचं काम आजी करते. मुलाने स्वतः ओळखणं, थोडं धरणं, सांगणं, चड्डी खाली करणं आणि बसणं हे सगळं जमायला मूल साधारण दीड ते तीन वर्षांचं व्हावं लागतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली हजाराहून जास्त मुलांच्या नोंदींवरून हेच मांडलं होतं, की मुलाची तयारी दिसल्यावर सुरुवात करावी.

तयारी ओळखायची कशी? डायपर दोन तास कोरडा राहतो, मूल उकिडवं बसून उठू शकतं, "चप्पल आण आणि बाबांना दे" एवढं ऐकून तसं करतं, आणि डायपर भरला की ओढायला लागतं किंवा कोपऱ्यात जाऊन उभं राहतं. यातलं काहीच दिसत नसेल तर महिनाभर थांबा. आणि शक्य असेल तर ऐन जुलैत सुरुवात करू नका. ओल्या चड्ड्या दोरीवर तीन-तीन दिवस वाळत नाहीत, आणि ती चिडचिड शेवटी पोरावरच निघते. घरात नवं बाळ येणार असेल किंवा घर बदलायचं असेल, तरी थोडं पुढे ढकललेलं बरं.

दर अर्ध्या तासाने "शू आली का?" विचारणं

खेळात रमलेलं मूल याला "नाही" म्हणणार आणि दोन मिनिटांत सोफा ओला करणार. तो खोटं बोलत नव्हता, त्याला आताच्या खेळापुढे दुसरं काही सुचत नव्हतं. विचारण्यापेक्षा घेऊन जा: उठल्यावर, आंघोळीआधी, बाहेर पडताना, झोपण्यापूर्वी. "चल, शू करून येऊ, मग खाली जायचं." शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं ही तर दुहेरी चूक, कारण लघवीला जळजळ होते आणि शीही कडक होते.

शब्द घरात आणि पाळणाघरात एकच ठेवा. घरी "शू", पाळणाघरात "बाथरूम" आणि प्लेग्रुपमध्ये "नंबर वन" असेल तर ऐन वेळी कुठला शब्द वापरायचा हे त्याने ठरवेपर्यंत काम झालेलं असतं.

शी धरून ठेवणं न ओळखणं

हे चित्र नीट बघा. अडीच वर्षांचा मुलगा पडद्यामागे जाऊन उभा आहे. टाचा उचललेल्या, पाय एकमेकांवर घट्ट, अंग ताठ, चेहरा लालबुंद. आई म्हणते, "बिचारा किती जोर लावतोय!" तो जोर लावतोय खरा, पण शी बाहेर येऊ नये म्हणून.

होतं असं. एकदा कडक शी होते, दुखतं, कधी जरा रक्तही दिसतं. पोर मनाशी ठरवतं की आता करायचीच नाही. धरून ठेवलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. असं महिनोन् महिने चाललं की मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग ताणला जातो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या शीच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला लागते. घरच्यांना वाटतं जुलाब झाले. दही-भात, केळं सुरू होतं, जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं, आणि मूळ दुखणं वाढतं. भरलेलं पोट मूत्राशयावर दाबतं म्हणून शूही पुन्हा चड्डीत व्हायला लागते. तेव्हा "सांगायला लागला होता, आता मुद्दाम करतो" असं म्हणण्याआधी चार दिवस शीकडे लक्ष द्या: रोज होते का, मऊ होते का, की लेंड्यांसारखी?

दूध किती पितो तेही बघा. या वयाला दिवसाला अर्धा लिटर पुरे. बाटलीने तीन-चार वेळा दूध पिणारं पोर जेवणार काय? वरण-भाताबरोबर भाजी, भाकरीचा कुस्करा, पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका आणि पुरेसं पाणी. बिस्किटं आणि खारी जरा कमी. एवढ्याने आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, किंवा दुखणं, रक्त, झिरपणं असं काही असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते शी मऊ ठेवणारं औषध देतात आणि ते बहुधा काही महिने घ्यावं लागतं. दोनदा साफ झाली म्हणून आपल्या मनाने बंद करणं ही फार नेहमीची चूक. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

आणि शी व्हावी म्हणून विड्याच्या पानाचं तेलात बुडवलेलं देठ किंवा साबणाची कांडी शीच्या जागी घालणं? कृपा करून नको. शी होते, पण त्या जागेची भीती पक्की बसते आणि पोर पुढच्या वेळी दुप्पट जोराने धरतं.

लोंबकळते पाय, गार फवारा

कमोडवर बसवलेल्या मुलाचे पाय हवेत असतील तर त्याला जोर लावता येत नाही, वर पडायची भीती. लहान सीट लावा आणि पायाखाली पाट किंवा स्टूल द्या, गुडघे कंबरेपेक्षा किंचित वर यायला हवेत. भारतीय पद्धतीच्या संडासात बसायची पद्धत उत्तम, पण पायऱ्या मोठ्या माणसाच्या मापाच्या असतात. तिथे आधी शेजारी पॉटी ठेवा, नंतर मागून काखेत धरून बसवा.

डिसेंबरच्या सकाळी जेट स्प्रेचा गार पाण्याचा फवारा थेट बसला तर मोठी माणसंही दचकतात. कोमट पाण्याचा मग घ्या. मुलींना पुढून मागे धुवा, उलट नाही, नाहीतर लघवीच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. फ्लश मूल बाहेर गेल्यावर करा, किंवा त्यालाच बटण दाबू द्या. पुष्कळांची भीती त्याने जाते.

बसवायची चांगली वेळ म्हणजे नाश्त्यानंतर किंवा जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, कारण पोटात अन्न गेलं की आतडी आपोआप हलायला लागतात. तीन ते पाच मिनिटं बसला की बस्स. हातात मोबाइल देऊन अर्धा तास बसवलेलं पोर कार्टून बघतं, शी करत नाही.

शीसाठी डायपर मागतो, म्हणून हट्टाला पेटणं

शू छान सांगतो, मोरीत जाऊन करतो, पण शीसाठी "डायपर घाल" म्हणतो. अशा वेळी डायपर द्यायचाच नाही असं ठरवलंत तर तो शी धरेल आणि वरचं सगळं चक्र सुरू होईल. डायपर द्या, पण शी बाथरूममध्येच करायची एवढं ठरवा. ते जमलं की डायपर घालूनच पॉटीवर बसवा, मग डायपर सैल करा, मग नुसताच पॉटीत अंथरा. यात काही आठवडे जातात, जाऊ द्या.

ओरडणं, "शी, घाण!" म्हणत नाक मुरडणं, पाहुण्यांसमोर सांगणं, मामेबहिणीशी तुलना करणं, हे सगळं टाळा. यावर आणखी काय सांगायचं? चड्डी ओली झाली तर ती बादलीत टाकायला त्यालाच लावा आणि विषय संपवा.

दिवसाबरोबरच रात्रीचाही डायपर काढणं

रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही. झोपेत लघवी कमी बनवणाऱ्या संप्रेरकाची लय बसावी लागते, आणि त्यात आनुवंशिकतेचाही भाग मोठा असतो. बाबा लहानपणी उशिरापर्यंत गादी ओली करत असतील तर पोराला बोलण्यात अर्थ नाही (बाबांच्या आईला विचारा, ती सगळं सांगेल). सलग काही सकाळी डायपर कोरडा मिळाला की रात्रीचा काढा, गादीखाली रबरी शीट घाला. पाच वर्षांपर्यंत रात्रीच्या शूची काळजी करायचं कारण नसतं.

डॉक्टरांना दाखवायची कारणं वेगळी आहेत. चार वर्षं होऊनही दिवसा जमत नाही, शू करताना रडतो, ताप येतो, थेंबथेंब होते, किंवा आधी महिनोन् महिने कोरडं असलेलं मूल अचानक सारखं पाणी मागतंय आणि सारखी शू करतंय. शेवटच्या कारणासाठी थांबू नका, त्याच दिवशी जा. रक्तातली साखर तपासावी लागते.