अमेरिकेतल्या जुन्या कबरी साफ करायला पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

आधी जागेची मालकी कोणाकडे आहे ते विचारून रीतसर परवानगी घ्या. यायचं ते हिवाळ्यात: झुडपं झडलेली असतात, गोचीड कमी असतात. तरी अंगभर कपडे, जाड हातमोजे हवेतच. पॉयझन आयव्हीची पानं गळली तरी तिच्या केसाळ वेलीने अंगावर फोड येतात.

मी व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहराच्या ईस्ट एंड दफनभूमीत हे काम शिकले. गोऱ्यांच्या दफनभूमीत जागा नसायची, त्या काळात, 1897 साली कृष्णवर्णीय कुटुंबांनी ती उभारली. शेजारच्या एव्हरग्रीनमध्ये 1903 साली बँक काढणाऱ्या मॅगी वॉकर विसावल्या आहेत. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढलेल्या कॉन्फेडरेट सैनिकांच्या कबरींना व्हर्जिनिया सरकार कित्येक दशकं पैसे देत होतं. या दोन जागांना तशी मदत देणारा कायदा व्हायला 2017 उजाडलं. हे आठवलं की माझा अजून संताप होतो.

पहिल्याच दिवशी मी एक फुटकी बशी कचऱ्याच्या पिशवीत टाकली. शेजारी काम करणाऱ्या आजींनी ती बाहेर काढली, पदरासारखं स्वेटरचं टोक घेऊन पुसली आणि होती तिथेच ठेवली. मेलेल्या माणसाने शेवटी वापरलेली बशी, पेला, बाटली कबरीवर ठेवायची कृष्णवर्णीय कुटुंबांत जुनी रीत आहे. शिंपलेही तसेच. तेव्हापासून माझा नियम एकच: खात्री होईपर्यंत काहीही उचलायचं नाही. साधा दगडसुद्धा कोणाची तरी खूण असतो. आपल्या सदाफुलीच्या नात्यातली व्हिंका आणि युका ही झाडंही मुद्दाम लावलेली असतात, ती उपटू नका. जमीन लांबट खचलेली दिसली तर खाली कबर आहे असं समजा. तिथे पाय देऊ नका, खड्डा बुजवू नका.

शिळेवरची आयव्ही ओढायची नाही, दगडाचा पापुद्रा निघतो. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, बुडाशी कापा आणि वाळू द्या. नंतर दगड पक्का आहे ना ते बघून भरपूर पाणी मारा आणि नायलॉनच्या मऊ ब्रशने खालून वर घासत जा, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. तारेचा ब्रश, ब्लीच, प्रेशर वॉशर अजिबात नको. तुटलेली शिळा सिमेंटने जोडू नका. ते काम जाणकाराचं.

अक्षरं पुसट असतील तर आरशाने बाजूने तिरपं ऊन पाडा. नाव लगेच उठून दिसतं. फोटो काढा आणि साल वहीत लिहून घ्या.