टेक म्हणजे नुसतं ‘घेणं’ नव्हे

परवा भाची इंटरव्ह्यूची तयारी करत माझ्यासमोर बसली होती, हातातलं घड्याळ दाखवून म्हणाली, ‘आय टुक धिस वॉच फ्रॉम खडेबाजार’. तिला म्हणायचं होतं विकत घेतलं, पण समोरच्याला वाटणार दुकानातनं उचलून आणलं. आपल्या बेळगावकडं सगळेच असं बोलतात, कारण मराठीत घेतलं म्हणजे उचललं पण आणि विकत आणलं पण, कन्नडमधलं तगोंडे पण अगदी तसंच, म्हणजे घरात बोला की गल्लीत, सवय तीच लागते. तर पैसे मोजले असतील तिथं बॉट म्हणा. फक्त दुकानात उभं राहून वस्तू पसंत पडली की ‘आय विल टेक इट’ बरोबर, तिथं द्या मला हे असा अर्थ होतो.

परीक्षेचं उलटं आहे. आपण परीक्षा देतो आणि सर घेतात, इंग्रजीत मुलं एक्झाम टेक करतात. गेव्ह द एक्झाम आपल्या देशात सर्रास चालतं, पण बाहेर शिकायला जायचं असेल तर टुकची सवय लावून घ्या.

घेऊन जा आणि घेऊन ये यात मुलं फार अडकतात. खरं तर मराठीच मदत करते बघा, शेवटी ‘जा’ असेल तर टेक, ‘ये’ असेल तर ब्रिंग. पावसात पोरगं बाहेर पडताना आई म्हणते छत्री घेऊन जा, टेक ॲन अम्ब्रेला. येताना कुंदा घेऊन ये, ब्रिंग सम कुंदा.

वेळ ‘लागतो’ तिथं पण टेकच येतं. खानापूरला बसनं जायला तासभर लागतो, ‘इट टेक्स ॲन अवर’, सुरुवातीचं इट विसरायचं नाही. फोटो काढणं, औषध घेणं, बस पकडणं, सगळीकडं टेक चालतं. चहाला मात्र हॅव जास्त बरं वाटतं.

सांबऱ्याहून विमान उडालं की टेक ऑफ, दारात चप्पल काढली तरी टेक ऑफच. पोरगी आजीवर गेलीय म्हणायचं तर ‘शी टेक्स आफ्टर हर ग्रँडमदर’.

आणि रूपं टेक, टुक, टेकन. ‘आय हॅव टुक’ कधीच नाही, हॅव आलं की टेकन. ‘हॅव यू टेकन युवर मेडिसिन?’ हे रोज आजोबांना विचारा, आठवडाभरात तोंडात बसतं.