धातू की अधातू? दहावीच्या मुलांनो, या चुका टाळा

पेपर तपासताना एक उत्तर मला दर वर्षी न चुकता भेटतं: “शिसे हा अधातू असून विजेचा सुवाहक आहे.” यात निम्मी चूक पोराची, निम्मी आपल्या बोलण्याची. पेन्सिलीतल्या काळ्या कांडीला आपण शिसं म्हणतो, पेन्सिलीला शिसपेन्सिल म्हणतो, आणि त्यात शिशाचा कणही नसतो. ते असतं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचं अपरूप (त्याच मूलद्रव्याचं एक रूप), चिकणमातीत मिसळून भाजलेलं. खरं शिसं, अणुअंक 82, पक्का धातू.

गंमत अशी की कार्बन आणि शिसं दोघं एकाच गणात, म्हणजे आवर्तसारणीच्या एकाच उभ्या रकान्यात राहतात. गण 14 वरून खाली वाचा: कार्बन अधातू, सिलिकॉन आणि जर्मेनियम धातुसदृश (धातू-अधातूंच्या मधले), मग कथील, शिसं हे धातू. खाली उतरताना दर पायरीला इलेक्ट्रॉनांचं एक कवच वाढतं, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब पडतात आणि सहज सुटतात. इलेक्ट्रॉन सोडून देण्याची ही वृत्ती म्हणजेच धातुगुण. आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे गेलं की कवच तेच राहतं, केंद्रकाची ओढ वाढते, म्हणून धातुगुण घटतो. एवढं कळलं की निम्मं पाठांतर वाचतं.

पण मुलं दिसण्यावर जातात. कठीण, चकचकीत, जड असेल तो धातू! सोडियम चाकूने चिरता येतो, घनता 0.97, पाण्यावर तरंगतो आणि तडतडतो, तरी धातूच. पारा द्रव असतो. गॅलियम 29.8 अंश सेल्सिअसला वितळतो, उन्हाळ्यात पुण्यातसुद्धा बाटलीत पाणी होऊन बसेल. उलट आयोडीन चकाकतं आणि हिरा सर्वांत कठीण, पण दोन्ही अधातू. चुंबकाची परीक्षा तर सोडूनच द्या. घरातल्या साध्या तापमानाला त्याला ठळकपणे चिकटणारी शुद्ध मूलद्रव्यं तीनच: लोह, कोबाल्ट, निकेल. तांबं चिकटत नाही म्हणून त्याला अधातूत ढकलणारे मी पाहिलेत.

याहून खोल चूक म्हणजे संयुगाला मूलद्रव्य समजणं. “कॅल्शियम दुधात असतं, ते धातू कसं असेल?” हा प्रश्न वर्गात येतोच. दुधात, चुन्यात, खडूत असतात ती कॅल्शियमची संयुगं. शुद्ध कॅल्शियम हा रुपेरी धातू आहे. खताच्या गोणीवरचं नत्र, स्फुरद, पालाश घ्या. नत्र आणि स्फुरद अधातू, पालाश मात्र पोटॅशियम, म्हणजे धातू. गोणीतले खडे धातूसारखे दिसत नाहीत, कारण ते क्षार आहेत. आणि पितळ आवर्तसारणीत शोधू नका, ते तांबं-जस्ताचं संमिश्र.

आवर्तसारणीत धातू आणि अधातू वेगळे करणाऱ्या नागमोडी रेषेजवळही पाय घसरतो. ॲल्युमिनिअम रेषेला लागून असला तरी धातुसदृश नाही, धातू आहे. हायड्रोजन गण 1 मध्ये सोडियमच्या डोक्यावर बसतो, कारण त्याला एकच इलेक्ट्रॉन आहे. तो अधातू वायूच.

“गणात खाली गेलं की क्रियाशीलता वाढते” हे वाक्य अर्धवट लिहू नका. सोडियम, पोटॅशियमसारख्या अल्कली धातूंत (गण 1) ते खरं आहे. हॅलोजनांत (गण 17) उलटं, तिथे फ्लुओरीन सर्वांत आक्रमक आणि आयोडीन मवाळ, कारण अधातूला इलेक्ट्रॉन द्यायचा नसतो, ओढून घ्यायचा असतो.

आता वीज वाहते का ते तपासण्याचा प्रयोग कुठे फसतो ते. तांब्याच्या तारेतून वीज जात नाही असं कुणी म्हणालं, तर तार जुन्या मोटरमधली आहे का विचारा. तिच्यावर वार्निशचा थर असतो, टोकं पॉलिश पेपरने खरवडावी लागतात. पेन्सिल दोन्ही बाजूंनी तासून लावली तरी टॉर्चचा बल्ब बऱ्याचदा नीट पेटत नाही, कारण कांडीचा विरोध बल्बाला जड जातो. त्याऐवजी दोन सेल, लाल एलईडी आणि शंभर ओहमचा रेझिस्टर घ्या. तरीही उजेड पडला नाही तर एलईडी उलटी लागली असेल. तिचा लांब पाय सेलच्या धन टोकाकडे हवा.