ज्येष्ठांची स्मरणशक्ती मोजताय? या चुका टाळा

मुंबईतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य शिबिरांत आता साखर, रक्तदाबाच्या शेजारी स्मरणशक्तीच्या चाचणीचंही टेबल दिसतं. तीसपैकी गुण मिळतात, कागद घरी येतो आणि धडधाकट आजोबांची झोप उडते. अनेकदा कमी पडलेली असते ती मोजणी.

ऐकू न आलेला शब्द 'विसरला' म्हणून लिहिणं

सर्रास होणारी चूक हीच. सभागृह रेल्वेलाइनला लागून, डोक्यावर पंखे, खाली लाउडस्पीकर, आणि तपासणारी व्यक्ती घाईघाईत पाच शब्द वाचून मोकळी. वय वाढतं तसे उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, त्यामुळे 'स', 'श' यांसारखी व्यंजनं निसटतात. जो शब्द कानात शिरलाच नाही, तो पाच मिनिटांनी आठवणार कुठून? शब्द वाचल्यावर लगेच परत म्हणून घ्यायचे असतात. आजी तिथेच अडखळल्या तर आधी कानाकडे बघा. श्रवणयंत्र घरी राहिलंय, चष्मा सुनेच्या पर्समध्ये आहे, तर चाचणी सरळ पुढे ढकला.

आणि घरच्यांना बाहेर बसवा. "अहो बाबा, सांगा ना, कालच तर बोललो आपण!" हे वाक्य कानावर पडलं की माणूस आठवायचं सोडून घाबरतो.

सगळ्यांना एकच फूटपट्टी

'मोका' (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) ही स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणारी चाचणी 2005 साली कॅनडातून प्रसिद्ध झाली. तीसपैकी 26 किंवा जास्त गुण म्हणजे ठीक, आणि शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून द्यायचा, असा तिचा मूळ नियम. गिरणीत आयुष्य काढलेल्या, चौथी शिकलेल्या माणसाला तो एक गुण पुरत नाही, असं माझं मत. शंभरातून सात-सात वजा करणं त्यांना जमेलही, पण पेन्सिलीने ठोकळ्याचं चित्र उतरवायला सांगितलं की हात थबकतो. तारीख चुकते, तिथी मात्र अचूक सांगतात. तिथीला गुण द्यायचे की नाही हे चाचणीचे नियम ठरवतील, पण उत्तर शेजारी लिहून ठेवा. तुलना करायची ती त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या लोकांशी. इंग्रजी फॉर्म समोर ठेवून तिथल्या तिथे मराठी करू नका. प्रमाणित मराठी आवृत्ती वापरा.

उलटी चूकही होते. निवृत्त मुख्याध्यापिकेला 'एमएमएसई' (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) या दुसऱ्या चाचणीत तीसपैकी तीस मिळाले म्हणून सगळे निर्धास्त. 1975 सालची ही चाचणी रुग्णांसाठी बनलेली. निरोगी, शिकलेल्या माणसांना ती फार सोपी जाते आणि सुरुवातीची घसरण तिच्यात लपते. अशांसाठी घड्याळ लावून, ठरावीक वेळेत करायची कामं हवीत. शिवाय शब्दांची मोठी यादी वीस-तीस मिनिटांनी पुन्हा विचारावी.

लगेच पुन्हा तीच चाचणी

दोन महिन्यांत तेच शब्द विचारले तर गुण वाढतात. तो सरावाचा परिणाम असतो, बदामांचा नव्हे. 'मोका'च्या पर्यायी आवृत्त्या आहेत, त्या वापरा. सराव असूनही गुण जागच्या जागी राहिले, तर तेही नोंदवण्यासारखं आहे.

गुण अचानक कमी आले तर

आदल्या रात्रीची झोप विचारा. सर्दीची गुंगी आणणारी गोळी, झोपेची गोळी, मधुमेह्याची उतरलेली साखर, मनाची उदासी यांपैकी काहीही पुरेसं असतं. डॉक्टरांना विचारून बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि चाचणी सकाळी, शांत खोलीत, दुसऱ्या आवृत्तीने घ्या.

मात्र रोजच्या गल्लीत वाट चुकणं, तासाभरात तोच प्रश्न चार वेळा विचारणं, आयुष्यभर सांभाळलेले बँकेचे व्यवहार गोंधळणं, यांतलं काही दिसत असेल तर गुण कितीही आले तरी मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना जुने गुणपत्रक आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या.