दिवाळीआधी 'प्रिन्स' चालू करायचाय, त्याची तयारी

दिवाळीच्या सुट्टीत भाचा येतोय आणि त्याला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जुना कॉम्प्युटर गेम दाखवायचा शब्द मी दिलाय. १९८९ साली जॉर्डन मेकनरने ॲपल टू या कॉम्प्युटरवर केलेला, मग डॉसवर (विंडोजच्या आधीच्या पीसींवरची प्रणाली) आलेला तो पहिला प्रिन्स. तुमच्याही घरात कुणाला तो खेळायचा असेल, तर आधीच्या शनिवारीच कामाला लागा.

सगळ्यात आधी गेमच्या फ्लॉप्या. पावसाळ्यात आपल्याकडे त्यांना बुरशी धरते, म्हणून धातूचं झाकण सरकवून आतली चकती उजेडात बघा. पांढरे डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही जाते. साडेतीन इंचीसाठी यूएसबी ड्राइव्ह चालतो, सव्वापाच इंची त्यात बसतच नाही. फाइली वाचल्या गेल्या की लगेच दोन ठिकाणी उतरवून ठेवा. सोबतची छापील पुस्तिकाही शोधा. पहिल्या लेव्हलनंतर गेम त्या पुस्तिकेतलं अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द विचारतो, आणि त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराची बाटली प्यावी लागते. पुस्तिका नसेल तर प्रिन्स तिथेच अडकतो. पानांचे फोटो काढून गेमच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

फाइलवर डबल-क्लिक करून बघण्यात वेळ घालवू नका. ६४-बिट विंडोजमध्ये प्रिन्ससारखे १६-बिट प्रोग्रॅम चालवायची सोयच उरलेली नाही. डॉसबॉक्स, म्हणजे डॉसचे प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम, घ्या, फोल्डरचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा आणि अख्खा सी ड्राइव्ह माउंट न करता (म्हणजे डॉसबॉक्सला न जोडता) फक्त गेमचं फोल्डर करा. बाकीचे काही जुने गेम नव्या मशीनवर वाऱ्यासारखे पळतात. प्रिन्स स्वतःचा वेग सांभाळतो. हालचाल अडखळली तरच कंट्रोल-एफ१२ने सायकल, म्हणजे डॉसबॉक्सचा वेग, वाढवा. कंट्रोल-एफ९ला मात्र हात लावू नका, डॉसबॉक्स तडक बंद होतो.

पडद्याकडे नीट लक्ष द्या. मूळ चित्र ३२० बाय २०० चं, पण ४:३ च्या मॉनिटरवर उभं ताणून दिसायचं. आजच्या रुंद पडद्यावर राजपुत्र आडवा फुगतो, आणि ते मला बघवत नाही. मेकनरने धाकट्या भावाला पळताना, उड्या मारताना व्हिडिओवर टिपलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. खऱ्या मुलाच्या अंगाची ती चपळाई आहे. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये ॲस्पेक्ट 'ट्रू' करा, कडेला काळ्या पट्ट्या राहू द्या.

आता शिफ्ट. हळू पाऊल, कडा धरणं, बाटली पिणं, तलवारीचा वार, सगळं शिफ्टवर. पण विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची खिडकी उघडते, तीही नेमकी पहारेकऱ्याशी झुंज चालू असताना. सेटिंग्जमध्ये जाऊन तो शॉर्टकट आजच बंद करा. मग पळत उडी मारून कडा धरून बघा: उजवा बाण, वरचा बाण आणि शिफ्ट, तिन्ही एकदम. काही स्वस्त कीबोर्ड तिसरी की घेतच नाहीत आणि राजपुत्र खड्ड्यात जातो. दुसरा कीबोर्ड जोडून पाहा.

साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं असतं, आणि लहान मुलाला ते एका बैठकीत जमणार नाही. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जीने सेव्ह होतं, पुढच्या वेळी सुरुवातीच्या पडद्यावर कंट्रोल-एल. त्याने फोल्डरमध्ये तयार होणारी प्रिन्स डॉट सॅव्ह फाइल रोज रात्री पेनड्राइव्हवर घ्या.

एवढं करूनही जमलं नाही, किंवा घरी मॅक असेल, तर एसडीएलपॉप आहे. डॉसच्या आवृत्तीवरूनच हौशी मंडळींनी उभं केलेलं, डॉसबॉक्सशिवाय चालणारं. मी दोन्ही टाकून ठेवलेत.

शेवटी स्पीकर लावून पहिली लेव्हल एकदा खेळून बघा: सुळ्यांवरून उडी, हलणारी फरशी, तलवार उचलताना वाजणारी धून. तिथेच थांबा. दारापाशी उभा असलेला पहिला पहारेकरी भाच्यासाठी ठेवा.