यीस्टमध्ये विषाणूचं एन्झाइम: प्लेटच्या गढूळ झालेल्या वेलवर (खळग्यावर) लगेच विश्वास ठेवू नका

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक देखणा आलेख होता. औषध दिलेलं यीस्ट सरसर वाढतंय, न दिलेलं तळाशी पडून आहे. लॅब मीटिंगमध्ये कौतुक झालं. साडेतीन महिन्यांनी कळलं की त्या वाढीचा औषधाशी काडीचाही संबंध नव्हता. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. नव्याने या कामात येणाऱ्यांवर तशी वेळ येऊ नये म्हणून लिहितेय.

विषाणूचं एन्झाइम अडवणारी औषधं यीस्टमध्ये शोधायची पद्धत अशी. सार्स-कोव्ह-२ चं मुख्य प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम), म्हणजे एमप्रो, त्याचा जीन प्लास्मिडवर (डीएनएच्या छोट्या वर्तुळावर) गॅल१ प्रमोटरखाली, म्हणजे साखरेनुसार चालू-बंद होणाऱ्या स्विचखाली, यीस्टमध्ये घालायचा. ग्लुकोजमध्ये ते बंद असतं, गॅलॅक्टोजमध्ये चालू होतं आणि पेशींची वाढ खुंटते. इन्हिबिटरने, म्हणजे रोधक औषधाने, एन्झाइम अडवलं की वाढ परत येते. एचआयव्हीच्या प्रोटिएजवरही असं काम झालंय. जिवंत विषाणू हाताळायचा नसल्यामुळे बीएसएल-३ (धोकादायक जंतूंसाठीची कडक सुरक्षेची लॅब) लागत नाही. ३० अंशांचा शेकर आणि वाढ मोजणारा प्लेट रीडर असला तरी बरंच काही करता येतं. छोट्या कॉलेजातल्या मुलांनी हे काम जरूर घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

दोन गोष्टी पटकन सांगते. एमप्रोची सुरुवात सेरीनने होते आणि ते टोक मोकळं असावं लागतं, म्हणून पुढे युबिक्विटिन हे छोटं प्रथिन जोडतात. यीस्ट ते स्वतःच कापून टाकतं. दुसरं, यीस्ट औषधं बाहेर फेकण्यात पटाईत असतं. पीडीआर५ आणि एसएनक्यू२ हे पंप काढलेला स्ट्रेन (यीस्टचा वाण) वापरा, नाहीतर चांगलं औषधसुद्धा निकामी वाटेल.

आता मी जिथे फसले ते.

एका वेलमध्ये काही लाख पेशी असतात. एमप्रो चालू केलं की त्या सगळ्या अडकतात, पण एखादीच्या प्लास्मिडवर एमप्रोच्या जीनमधला एखादा बेस आधीच गळालेला असतो. तिच्यात एन्झाइम बनतच नाही. बाकीच्या थांबलेल्या असताना ती एकटी दुप्पट, चौपट होत जाते आणि दोन दिवसांत वेल गढूळ! लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंवर हेच दाखवलं होतं: म्युटंट (जनुकात बदल झालेल्या पेशी) आधीच तयार असतात, निवड नंतर होते. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं. स्वतःच्या प्लेटमध्ये मात्र ओळखलं नाही.

माझ्या पहिल्या प्लेटमध्ये दर औषधाला एकच वेल होती आणि मी फक्त ४८ तासांनी ओडी (गढूळपणाचं माप) घेतला. दोन वेल वाढलेल्या दिसल्या. खात्री करायला मी काय केलं, तर त्याच वेलमधल्या पेशी घेतल्या आणि त्यांना पुन्हा तेच औषध दिलं. कंट्रोल (तुलनेसाठीच्या, औषध न दिलेल्या पेशी) मात्र मूळ स्टॉकमधून घेतला. म्हणजे एका बाजूला एमप्रो हरवून बसलेल्या पेशी आणि दुसऱ्या बाजूला एमप्रो असलेल्या. आलेख देखणा येणारच होता.

एका सीनियर ताईने विचारलं, "याच पेशी औषधाशिवाय लावून बघितल्यास का गं?" लावल्या. तशाच वाढल्या. मग ५-एफओएवर (प्लास्मिड टाकून दिलेल्या पेशीच ज्यात जगतात असं रसायन) जुनं प्लास्मिड काढलं, त्याच पेशींत ताजं घातलं, तर गॅलॅक्टोजमध्ये वाढ थांबली. म्हणजे पेशी ठीक होत्या, बिघाड प्लास्मिडमध्ये होता. सीक्वेन्सिंगमध्ये गळलेला बेस सापडला. उलट झालं असतं, ताज्या प्लास्मिडनंतरही वाढ चालू राहिली असती, तर म्युटेशन गुणसूत्रात आहे असं समजायचं. रॅफिनोज ही दुसरी साखर मिसळलेल्या माध्यमात गॅल४ (गॅल१ प्रमोटर चालू करणारं प्रथिन) बिघडलेल्या पेशी अशाच जगतात. गॅलॅक्टोज असूनही एमप्रो चालू होत नाही आणि रॅफिनोजवर त्यांचं भागतं.

गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या मोजण्यापेक्षा, असा प्रश्न विचारणारं माणूस त्या लॅबमध्ये आहे का ते बघा, असं माझं ठाम मत आहे. आणि "शेवटचा ओडी घेतला की पुरे" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शॉर्टकट म्हणून मीही ते ऐकलं होतं.

घाबरू मात्र नका. हा दोष तुमच्या हाताचा नाही, विषारी प्रथिन वापरलं की हे होणारच. दर प्रयोगाला ताजे ट्रान्सफॉर्मंट (नुकतंच प्लास्मिड घातलेल्या पेशी) घ्या आणि ते ग्लुकोजवरच ठेवा. निकाल पुन्हा तपासताना पेशी कधीही वाढलेल्या वेलमधून घेऊ नका. औषधाशिवायच्या, फक्त डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) घातलेल्या वेल भरपूर ठेवा. सी१४५ए हा निष्क्रिय एमप्रो सोबत लावा. त्यात वाढ थांबली, तर दोष माध्यमाचा किंवा औषधाचा.

आणि वाढ तासातासाला मोजा. मी पुन्हा सुरुवात केली तेव्हा जीसी३७६ हा ओळखीचा इन्हिबिटर तीन वेलमध्ये दिला. तिन्ही रेषा एकाच सुमाराला, एकमेकींना चिकटून वर गेल्या. डीएमएसओच्या आठ वेलपैकी दोन वाढल्या खऱ्या, पण एक खूप उशिरा आणि दुसरी त्याहून सात तासांनी. औषधाची वाढ एकदम येते, म्युटंटची कधीही, हाच फरक.