गावात मानसिक आरोग्याचं काम करायचंय? ग्रँट कशी मागायची ते बघा

कोकणात मानसिक आरोग्याच्या कामासाठी कोणाकडे पैसे मागायला गेलं की समोरून पहिला प्रश्न येतो, शिबिर कधी ठेवताय? मंडप घातला, बॅनर लागला, डॉक्टरांना शाल-श्रीफळ दिलं, रजिस्टरमध्ये दोनशे सह्या झाल्या, फोटो निघाले, संपला विषय. आता जी बाई डिप्रेशनमुळे अंथरुणातून उठतच नाही ती त्या मंडपात येणार कशी, तिच्याकडे कोणीतरी दर पंधरा दिवसांनी जायला हवं, गोळ्या संपल्यात का, घरचे परत "बाहेरचं काही आहे का" बघायला घेऊन गेले का, हे बसून विचारायला हवं. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, मागायचेच तर पाठपुराव्यासाठी पैसे मागा.

सुरुवात सिव्हिल हॉस्पिटलपासून करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही केंद्राची योजना १९९६ पासून आहे, तुमच्या जिल्ह्यातली त्यांची टीम कुठल्या ग्रामीण रुग्णालयात कुठल्या वारी येते ते विचारून घ्या आणि कुठल्या गोळ्या तिथे फुकट मिळतात तेही, म्हणजे त्या गोळ्यांचा खर्च तुमच्या बजेटमध्ये घुसणार नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही आहेच, तो फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय तर राज्यातल्या चारपैकी एक, म्हणजे कोकणात काहीच नाही असं म्हणता येत नाही, पण तिथून डिस्चार्ज घेऊन वाडीवर परतलेल्या माणसाकडे महिन्याभराने कोण बघतं? ही रिकामी जागा प्रपोजलमध्ये पहिल्याच पानावर यायला पाहिजे. आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचं सहकार्याचं पत्र घ्या, त्याला फार वजन असतं. एक मात्र सांभाळा, पेशंटला मुक्कामाला ठेवायचं म्हटलंत की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी लागते, छोट्या संस्थेने त्यात पडू नये.

मग कागद. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, पॅन, तीन वर्षांचं ऑडिट, आयकर खात्याची बारा-ए (संस्थेला करसवलत) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी, संस्थांची नोंद होते त्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर, आणि कंपनीचा सीएसआरचा म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा हवा असेल तर सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म. हे कोणताही सीए करून देतो. घोडं अडतं ते चेंज रिपोर्टवर, म्हणजे कमिटी बदलली की धर्मादायला द्यायच्या अर्जावर. आपल्याकडची जुनी मंडळं आठवून बघा, अध्यक्ष वारले, सेक्रेटरी मुलाकडे विरारला गेले, नवी कमिटी सभेत टाळ्या वाजवून ठरली पण धर्मादायला कळवलंच नाही, मग शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादायच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर अजून जुनीच नावं, बँक सह्या बदलून देत नाही आणि पैसे देणारा विचारतो की तुम्ही नक्की कोण. कायद्याने बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. उतारा आजच काढून बघा.

आता मागायचं कोणाकडे. ग्रामपंचायत कोणाच्या डोक्यातच येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. रक्कम चिल्लर असेल, पण ग्रामसभेचा ठराव हातात आला की तो पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडता येतो. त्यासाठी पेशंटचं युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढायला मदत करा.

मोठा पैसा सीएसआरचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात आणि आपल्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं, म्हणून लोटे, महाड, रोहा इथल्या कारखान्यांपासून सुरू करा. बाहेरच्या संस्थेला पैसा देताना तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव बघतात, तो नसेल तर एखाद्या जुन्या संस्थेबरोबर अर्ज करा. आणि तिथे "ऑनगोइंग प्रोजेक्ट" हा शब्द वापरा, कारण सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो, एका वर्षाचे पैसे घेऊन पाठपुरावा होत नाही. फक्त मानसिक आरोग्यालाच निधी देणारी मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हसारखी संस्थाही आहे, त्यांना मेल टाकण्याआधी ते कशाला पैसे देतात ते वाचा. परदेशी पैशाचा नाद नव्या संस्थेने सोडावा, एफसीआरएला, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या नोंदणीला तीन वर्षांचं काम आणि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

मुंबईचं गाव-मंडळ विसरू नका. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा दहा मिनिटं मागून घ्या. देणगी यूपीआयने किंवा चेकने घ्या, २००० च्या वर रोख दिली तर त्यांना ऐंशी-जीची सूट मिळत नाही.

बजेट मात्र नीट करा. समजा ४० पेशंट, प्रत्येकाकडे महिन्याला दोन भेटी, म्हणजे ८० भेटी. एक घर घाटीवर, दुसरं खाडीपलीकडे, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, त्यामुळे एक कार्यकर्ती दिवसाला चार घरं करेल, आठ लिहिलीत तर वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही वाडीवर चाललेलाच नाहीत. ८० भागिले ४, २० दिवस. म्हणजे एक पूर्ण पगारी बाई लागणार, मानधनावर भागणार नाही. शिवाय एसटीचं आणि खाडीतल्या तरीचं (होडीचं) भाडं, रेनकोट, मोबाईल रिचार्ज, आणि महिन्यातून एकदा तिच्या केसेस ऐकून घेणाऱ्या सायकॉलॉजिस्टची फी, ही फी लोक हमखास गाळतात. पावसात काही भेटी फोनवर होतील हे आधीच लिहा. खलाशी मात्र १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हाच घरी सापडतात.

कार्यकर्तीला डिग्री नाही म्हणून कोणी नाक मुरडलं तर गोव्यातल्या संगत संस्थेचं काम दाखवा, तिथे स्थानिक लोकांना ट्रेनिंग देऊन डिप्रेशनचं समुपदेशन करायला लावलं आणि त्याचे निकाल लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय मासिकात छापून आले.

रिझल्ट काय दाखवायचा? डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली, नऊ प्रश्न, शून्य ते २७ गुण, सुरुवातीला आणि दर तीन महिन्यांनी. त्याबरोबर साध्या गोष्टी, किती जणांच्या गोळ्या सहा महिने चालू राहिल्या, किती जण परत बागेत किंवा बोटीवर कामाला लागले. फोटो मागतीलच, पण पेशंटचा चेहरा किंवा घर द्यायचं नाही, गुप्तता हा त्यांचा कायद्यातला हक्क आहे, ट्रेनिंगचे फोटो द्या आणि कारण लेखी कळवा.

कंपन्यांकडे डिसेंबर-जानेवारीत जा, म्हणजे पुढच्या वर्षाच्या प्लॅनमध्ये बसता. मंजुरी आली की प्रोजेक्टचा हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा, कारण उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले हा दाखला, गेल्याशिवाय पुढचा हप्ता सहसा सुटत नाही आणि तो उशिराच येतो असं धरून चाला. मुंबईकरांचे पैसे तोपर्यंत मोडू नका, मधल्या दोन-तीन महिन्यांचा कार्यकर्तीचा पगार त्यातून निघतो.